एका चेसिसमधले चार संगणक: एकावर काम वाढलं की दुसराच रीसेट का होतो?

तक्रार साधारण अशी असते. ४यू रॅक चेसिसमध्ये (रॅकचे चार खण उंच पेटीत) २० स्लॉटचा बॅकप्लेन, म्हणजे कार्डं खोचायचा बोर्ड, आहे. त्याचे चार सेगमेंट (स्वतंत्र भाग), प्रत्येकात एक सीपीयू कार्ड आणि सोबतीला पीसीआय किंवा आयएसए या बसची दोन-चार ॲड-ऑन कार्डं. चारही संगणक आपापलं काम करतात, एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. आठवडाभर सगळं नीट चालतं आणि मग तिसऱ्यावर जड काम सुरू झालं की दुसरा अचानक रीसेट होतो. रॅम बदलली, डिस्क बदलली, ओएस पुन्हा टाकली, शेवटी सीपीयू कार्डच बदललं. महिन्याभराने पुन्हा तेच, आणि बहुतेक वेळा रीसेट होणारा सेगमेंटही तोच.

अशा पेट्यांमध्ये दोष बहुतेकदा कार्डात नसतो, ५ व्होल्टच्या वाटेत असतो. ती वाट कशी तपासायची आणि कुठे दुरुस्त करायची ते इथे सविस्तर दिलं आहे. त्याच्यासारखी दिसणारी पण वेगळी असलेली दोन-तीन दुखणीही पुढे घेतली आहेत.

काय वेगळं, काय सामाईक

पॅसिव्ह बॅकप्लेन म्हणजे स्लॉट, ट्रॅक, काही कपॅसिटर आणि पॉवरचे कनेक्टर. बुद्धी सगळी सीपीयू कार्डात. पिकमिग या औद्योगिक संगणकांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेची १९९४ ची १.० ही स्पेसिफिकेशन आयएसए आणि पीसीआय दोन्ही बस एकाच कार्डाच्या काठावर आणते. त्यामुळे एका लांब स्लॉटात पूर्ण संगणक बसतो. सेगमेंट पाडताना बॅकप्लेनवर ॲड्रेस, डेटा, क्लॉक, इंटरप्ट आणि रीसेट या सगळ्या लाइनी सेगमेंटच्या हद्दीपाशी थांबवलेल्या असतात. दुसऱ्या सेगमेंटच्या कार्डाला तिसऱ्या सेगमेंटची बस दिसतच नाही.

आता सामाईक काय ते पाहा: ५, १२, ३.३ आणि उणे १२ व्होल्टचे प्लेन (बॅकप्लेनमधले तांब्याचे थर), ग्राउंड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा, म्हणजेच सप्लाय), त्याच्यापासून बॅकप्लेनपर्यंतचं हार्नेस (वायरींचा जुडगा), पंखे, चेसिसचा पत्रा आणि भिंतीतला सॉकेट. तिसऱ्यात घडलेली गोष्ट दुसऱ्याला जाणवते, म्हणजे ती यांपैकीच एका वाटेने गेली. ही यादी संपेपर्यंत रॅम आणि सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. वेळ फुकट जातो आणि मधल्या काळात चांगली कार्डं निकामी ठरवून बाजूला टाकली जातात.

खात्री हवी असेल तर एकदाच करण्याची चाचणी आहे. पॉवरच्या सगळ्या वायरी काढून, सगळी कार्डं उपसून, मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवा. आयएसए स्लॉटची बी२ पिन ही रीसेटची. एका सेगमेंटच्या बी२ पासून दुसऱ्याच्या बी२ पर्यंत बीप यायला नको. आलीच, तर स्लॉटात वाकलेली पिन, स्क्रूचा तुकडा किंवा ड्रिलचा कीस शोधा. सेगमेंटच्या हद्दी बॅकप्लेनवर छापलेल्या असतात, त्या वाचून मार्करने ठळक करा. एकाच सेगमेंटमध्ये दोन सीपीयू कार्डं बसवली तर दोघं एकच बस चालवायला बघतात आणि कार्डं जळू शकतात. उलट, एखादं ॲड-ऑन कार्ड हद्दीच्या पलीकडच्या स्लॉटात गेलं की ते आपल्या संगणकाला सापडत नाही आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात.

आधी वेळ लिहून काढा

चारही संगणकांची घड्याळं एकमेकांशी जुळवा. घड्याळं जुळलेली नसतील तर पुढची सगळी तुलना खोटी ठरते. मग प्रत्येक रीसेटची वेळ आणि त्या क्षणी बाकीचे तिघे काय करत होते ते लिहा. विंडोज असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६००८ क्रमांकाची नोंद बघा: अनपेक्षित बंद पडल्याची वेळ तिथे मिळते. निळी स्क्रीन किंवा बगचेकची नोंद असेल तर ती केस वेगळी, तो बहुधा ड्रायव्हर किंवा मेमरीचा प्रश्न आहे. पॉवरच्या दोषात कारणाची काहीही नोंद न होता यंत्र थेट पुन्हा बूट होतं.

नोंदीत तीन तऱ्हा दिसतात.

इतर एखाद्या सेगमेंटवर काम वाढल्यावर, पेटी चालू करताना, किंवा डिस्क फिरायला लागताना रीसेट: पॉवर.

ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा रीसेट: त्याच कार्डावरचा वॉचडॉग टायमर (सॉफ्टवेअर गोठलं असं वाटलं की रीसेट देणारा). तो चालू आहे आणि सॉफ्टवेअर त्याला वेळेत टोकत नाही. बायोसमध्ये किंवा जंपरने वॉचडॉग बंद करून दोन दिवस बघा.

चारही एकदम रीसेट: मेन सप्लाय, यूपीएस किंवा एसएमपीएसचं रिडंडंट (राखीव जोडीतलं) मॉड्यूल.

याशिवाय एक स्वस्त चाचणी आहे. समोरच्या पॅनेलवरून येणारी रीसेट स्विचची वायर त्या कार्डावरून काढून ठेवा. ही लांब, बारीक वायर पंख्याच्या किंवा २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच टायने बांधलेली असली तर तिच्यात नॉइज शिरतो आणि कार्डाला वाटतं कुणी बटण दाबलं. दोन दिवस रीसेट आला नाही तर काम झालं: वायर पिळून, वेगळ्या मार्गाने न्या.

०.३५ व्होल्टचं गणित

पॉवरचा दोष असा लपून का राहतो हे आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही. एटीएक्स (पीसीच्या नेहमीच्या मापदंडाच्या) सप्लायला ५ व्होल्टवर ५ टक्के सूट आहे, म्हणजे ४.७५ ते ५.२५. सीपीयू कार्डावर मात्र व्होल्टेजवर नजर ठेवणारी आणि ते पडलं की रीसेट देणारी आयसी बसलेली असते. तिचा उंबरठा साधारण दोन ठिकाणी असतो: ४.६५ किंवा ४.४० व्होल्ट. सप्लाय नियमात राहूनही ४.७५ देत असेल तर ४.६५ वाल्या कार्डाला वाटेतल्या घटीसाठी फक्त ०.१० व्होल्ट उरतो.

आता वाट मोजू. एसएमपीएसपासून बॅकप्लेनपर्यंत १८ गेजची तांब्याची वायर, लांबी ४५ सेंटिमीटर. या गेजच्या वायरला मीटरमागे सुमारे २१ मिलिओहम रेझिस्टन्स, म्हणजे आपल्या तुकड्याला ९.४. मोलेक्सच्या (चार पिनांच्या पॉवर प्लगच्या) पिनेचा संपर्क चांगला असेल तर ५ मिलिओहम धरा. लाल वायर एक: १४.४. परतीच्या काळ्या वायरी दोन, म्हणून निम्मा: ७.२. एका प्लगची पूर्ण वाट २१.६ मिलिओहमची.

चार कार्डं निवांत असताना प्रत्येकी ६ अँपिअर घेतात, एकूण २४. बॅकप्लेनवर प्लग चार आहेत, पण दोनच जोडलेत. प्रत्येकातून १२ अँपिअर, घट ०.२६ व्होल्ट. सप्लायच्या तोंडाशी ४.९५ असेल तर बॅकप्लेनवर ४.६९. अजून सगळं चालू आहे. मग सगळ्यांवर एकदम काम आलं आणि प्रत्येकी ८ अँपिअर झाले: एकूण ३२, प्लगमागे १६, घट ०.३५. बॅकप्लेनवर ४.६०.

४.४० चा उंबरठा असलेल्या कार्डांना काहीच कळत नाही. ४.६५ वालं कार्ड रीसेट होतं. ते निकामी नसतं, चौघांत सर्वांत दक्ष असतं. दर वेळी तोच बळी का, याचं उत्तर हे आहे. उंबरठे सारखे असले तर प्लगपासून सर्वांत लांबचा सेगमेंट आधी पडतो, कारण प्लेनच्या तांब्यातही थोडी घट असते.

तेच चार प्लग जोडले की प्रत्येकातून ८ अँपिअर, घट ०.१७, बॅकप्लेनवर ४.७८. एवढ्या एका बदलाने बऱ्याच पेट्या बऱ्या होतात.

मोजायचं कसं

सप्लायच्या प्लगमागे मीटर लावून "५.०१ आहे, पॉवर ठीक आहे" असं म्हणू नका. मोजायचं ते कार्डाजवळ, त्या सेगमेंटच्या मोकळ्या स्लॉटात, आणि लोड असताना.

यासाठी एक छोटं साधन बनवून ठेवा. एखाद्या मेलेल्या ८ बिट आयएसए कार्डाचा फक्त काठ, गोल्ड फिंगरसकट (स्लॉटात जाणाऱ्या सोनेरी संपर्कांसकट), करवतीने कापून घ्या. बी३ ही ५ व्होल्टची पिन आणि बी१ ग्राउंडची. ब्रॅकेटच्या बाजूने मोजायला सुरुवात करायची, सोल्डर बाजूला. दोन्हींना वायर डकवा. बी३ च्या वायरीत फिंगरला अगदी लागून १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. मीटरचा इनपुट १० मेगओहमचा असल्याने वाचनात फरक पडत नाही, आणि वायरीचं टोक चुकून पत्र्याला लागलं तरी ठिणगी उडत नाही. १२ व्होल्ट बघायचे असतील तर बी९ वरून तशीच तिसरी वायर काढा. कापलेल्या काठावर तांब्याचे ट्रॅक उघडे पडतात आणि एकमेकांना टेकू शकतात. ते कानशीने घासून, भिंगातून बघून, मगच पट्टी स्लॉटात घाला.

कार्ड किंवा ही पट्टी घालता-काढताना पॉवर पूर्ण बंद हवी. आयएसए आणि साधा पीसीआय हॉट स्वॅप नाही. आणि आत हात घालण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ५ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण ३० अँपिअरची लाइन धातूच्या कड्यातून शॉर्ट झाली तर कडं लालभडक होतं आणि हात भाजतो.

साध्या मल्टिमीटरवर व्होल्टेजमधला क्षणिक खड्डा दिसत नाही, कारण मीटर सरासरी दाखवतो आणि खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो. मिन-मॅक्स साठवणारा मीटर थोडा बरा. ऑसिलोस्कोप मिळाला तर ट्रिगर उतरत्या कडेवर ४.७५ ला लावा, सिंगल शॉटवर ठेवा आणि चारही संगणकांना एकदम काम द्या. प्रोबची ग्राउंड क्लिप त्याच स्लॉटातल्या बी१ ला हवी. चेसिसच्या पत्र्याला लावली तर ग्राउंडमधली घट वाचनातून निसटते, आणि निम्मा दोष तिथेच दडलेला असू शकतो.

करंट मोजण्यासाठी डीसी मोजणारा क्लँप मीटर लागतो. बाजारातले बरेचसे स्वस्त क्लँप एसीच मोजतात, डीसीवर शून्य दाखवतात आणि माणूस फसतो. सगळ्या लाल वायरी एकत्र क्लँपमध्ये घेऊन एकूण आकडा लिहा, मग एकेक वायर स्वतंत्र मोजा. एका वायरीतून ११ आणि शेजारच्यातून ३ अँपिअर जात असतील तर ३ वाल्याचा संपर्क खराब आहे. तो आपला वाटा उचलत नाही म्हणून दुसऱ्यावर ताण येतो. हे एकच निरीक्षण कधीकधी अख्खा तपास संपवतं.

शेवटचं मोजमाप मिलिव्होल्टमध्ये: लोड चालू असताना मीटरचं एक टोक वायरीच्या क्रिंपला (जिथे ती पिनेत दाबून बसवलेली असते) आणि दुसरं त्याच लाइनीच्या बॅकप्लेनवरच्या सोल्डर टाक्याला. ५० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर तो कनेक्टर बदलायचा. काळ्या वायरींनाही हीच परीक्षा लावा. लाल तपासून काळ्या सोडून देणं ही नेहमीची चूक आहे.

प्लग हातात घेऊन बघा

पॉवर बंद करून मोलेक्सचे प्लग एकेक काढा. चांगल्या प्लगचं नायलॉन दुधी पांढरं असतं. लाल वायरीच्या खोबणीभोवती ते पिवळट, मग चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं असेल तर ती पिन तापते आहे. आत डोकावून फीमेल पिनेची नळी बघा: बाकीच्या तीन गोल आणि घट्ट, पण तापलेली उघडून पसरलेली आणि करडी पडलेली दिसेल. ही पक्कडीने दाबून घट्ट केली तर महिना-दोन महिने चालते. एकदा तापून मऊ पडलेल्या धातूत स्प्रिंग उरत नाही, म्हणून पिन नवीनच घाला. समोरची बॅकप्लेनवरची मेल पिन काळी पडली असेल तर तीही बदलावी लागते, नाहीतर नवीन नळी तशीच तापते.

स्प्लिटर असेल तर तो आधी काढून फेका. एका प्लगचे दोन करणाऱ्या वायरीने प्लग दोन दिसतात, पण मागे वायर एकच असते आणि मध्ये एक जादा संपर्क येतो. डिस्क आणि बॅकप्लेन एकाच लाइनीवर लटकवलेले असतील तर वेगळे करा.

बॅकप्लेनला स्क्रूचे टर्मिनल असतील तर तेच पंखे आणि डिस्क यांच्या थरथरीने सैल होतात. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढा, खालचा पृष्ठभाग साफ करा, स्प्रिंग वॉशर घालून पुन्हा आवळा. लगमध्ये वायर नुसती कोंबून सोल्डर केलेली असेल तर क्रिंप केलेला लग लावा.

बॅकप्लेनवरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वरून बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं, किंवा बुडाशी तपकिरी ओल दिसली, तर सगळेच बदला, एकटा नको. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वरचं, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले). जास्त बरं म्हणून चौपट क्षमतेचे लावू नका. चालू होताना सप्लायला ते शॉर्टसारखे भासतात आणि एसएमपीएस सुरूच न होण्याची शक्यता असते.

एसएमपीएस मोठा घेतला आणि दुखणं वाढलं

ही चूक इतकी होते की तिच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. जुना ३०० वॅटचा गेला, दुकानातून ५०० वॅटचा आणला, आणि रीसेट वाढले. एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. जुन्या सप्लायवर ५ व्होल्टपुढे ३० अँपिअर लिहिलेलं असायचं. प्रोसेसरची पॉवर १२ व्होल्टवर सरकल्यापासून नवीन सप्लायची ताकदही १२ कडे गेली. वॅट जास्त दिसतात, पण ५ व्होल्टला २० ते २५ अँपिअरच असतात, तेही ३.३ सोबत वाटून. आपल्या चार जुन्या कार्डांना ३२ हवेत. तेव्हा वॅट बघून सप्लाय घेऊ नका. ५ व्होल्टचे अँपिअर, आणि ३.३ व ५ मिळून दिलेली मर्यादा, हे दोन आकडे बघा. मोजलेल्या जास्तीत जास्त करंटच्या वर ३० टक्के जागा सोडा.

औद्योगिक एसएमपीएसला सेन्सच्या दोन बारीक वायरी असतात. त्या थेट बॅकप्लेनच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडायच्या. मग सप्लाय वाटेतली घट ओळखून तेवढं जास्त देतो. दुरुस्तीत एखादी तुटली की कुणाच्या लक्षात येत नाही आणि व्होल्टेज खाली बसतं. ट्रिमचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) असेल तर पूर्ण लोडवर, लांबच्या सेगमेंटवर मोजत, ५.०५ पर्यंत आणा. पण मग कार्डं निवांत असताना कुठेही ५.२५ च्या वर जात नाही ना, हेही बघा.

अजून एक: जुनी काही आयएसए कार्डं उणे ५ व्होल्ट वापरतात, ती लाइन नव्या एटीएक्स सप्लायमध्ये नसते. कार्ड मुकं झालं तर उणे ५ ची पांढरी वायर आहे का बघा.

रिडंडंट सप्लाय असेल तर दोन्ही मॉड्यूलांचे दिवे तपासा. एक मॉड्यूल मेलेलं, बझर कुणीतरी बंद करून ठेवलेला, आणि उरलेलं एक चौघांचा भार ओढतंय, अशी अवस्था महिनोन्महिने चालू राहू शकते.

एक शट डाउन केला आणि चौघं गेले

हे वेगळं दुखणं, पण त्याच पेटीत भेटतं. एटीएक्स सप्लायची हिरवी वायर ग्राउंडला टेकली की सप्लाय चालू, सोडली की बंद. सीपीयू कार्डाला एक तीन पिनची केबल येते: हिरवी, जांभळी आणि काळी. चार सेगमेंटना सप्लाय एक, आणि ही केबल फक्त पहिल्या कार्डाला लावलेली असेल तर पहिल्याची ओएस शट डाउन झाली की हिरवी वायर सुटते आणि चौघांची वीज जाते. ती चारही कार्डांना समांतर लावली तर उलटं होतं: एकानेही धरून ठेवली तरी सप्लाय चालूच. मग शट डाउन केलेलं कार्ड ना धड बंद, ना धड चालू अशा अवस्थेत अडकतं. काही कार्डं त्यातून बटण दाबूनही उठत नाहीत.

उपाय सरळ आहे. कार्डांवरच्या या केबली काढा, जंपरने कार्डं एटी मोडवर (वीज मिळताच चालू होण्याच्या जुन्या पद्धतीवर) घ्या, आणि समोरच्या पॅनेलवर हिरव्या व काळ्या वायरीमध्ये एक खटक्याचा स्विच बसवा. चौघांची वीज चालू-बंद करणारी जागा एकच राहील. त्याला झाकण असलेला स्विच वापरा, कोपर लागून दाबला जायला नको.

चेसिसमध्ये प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र सप्लाय असेल तर हा प्रश्न येत नाही, पण दुसरा येतो. केव्हीएम स्विचच्या (एकच कीबोर्ड आणि स्क्रीन अनेक संगणकांना वापरू देणाऱ्या) केबलमधून, म्हणजे कीबोर्डच्या किंवा व्हीजीएच्या ५ व्होल्टच्या पिनेतून, चालू संगणकाची वीज बंद संगणकात झिरपते. बंद कार्डावर १-२ व्होल्ट उभे राहतात, आणि चालू करताना कार्डाला नीट रीसेट मिळत नाही म्हणून ते काळ्या स्क्रीनवर अडकतं. बंद असताना ५ व्होल्टची लाइन मोजा. शून्याच्या आसपास नसेल तर केव्हीएमच्या केबली काढून पुन्हा चालू करा.

सकाळी चालू करतानाच अडतं तेव्हा

चार साडेतीन इंची डिस्क एकाच क्षणी फिरायला लागल्या की १२ व्होल्टवर प्रत्येकी २ अँपिअरच्या आसपास झटका बसतो, त्याच वेळी चार प्रोसेसर बायोस चालवत असतात. बायोसमध्ये डिस्कसाठी थांबण्याचे सेकंद देता येत असतील तर चार कार्डांना ०, ३, ६ आणि ९ द्या. त्याने डिस्कचं फिरणं पुढे ढकललं जात नाही, फक्त कार्ड डिस्कची वाट जास्त बघतं आणि पहिल्या झटक्यात डिस्क सापडली नाही अशी तक्रार थांबते. फिरणंच पुढे-मागे करायचं तर डिस्कवरचा उशिरा फिरण्याचा जंपर वापरा. तो सगळ्या डिस्कना नसतो. नसेल तर डिस्कची जागा एसएसडीला द्या, झटकाच उरत नाही.

२००५ च्या पिकमिग १.३ चे बॅकप्लेन असतील तर कार्ड प्रामुख्याने १२ व्होल्टवर चालतं आणि ५ व्होल्टच्या घटीची डोकेदुखी बरीच कमी होते. तिथे बघायचं ते हे, की १२ व्होल्टचे जादा प्लग प्रत्येक सेगमेंटला लागलेत का. एक राहिला की तो सेगमेंट मुळीच बूट होत नाही.

कार्डाचा काठ आणि स्लॉट

दोष सेगमेंटचा की कार्डाचा हे ठरवायला दुसऱ्या सेगमेंटचं सीपीयू कार्ड चौथ्यात आणि चौथ्याचं दुसऱ्यात ठेवा. एका वेळी हा एकच बदल. रीसेट कार्डासोबत गेला तर कार्ड किंवा त्याचा उंबरठा, जागेवरच राहिला तर स्लॉट आणि त्याच्यापर्यंतची वाट.

कोकणात किंवा गोव्यात, समुद्राच्या दमट खाऱ्या हवेत चाललेल्या पेट्यांमध्ये संपर्काचा दोष आधी बघा. फिंगरवर काळपट झाक किंवा हिरवट ठिपका दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घ्या, काठाच्या लांबीने पुसा. पेन्सिलचं खोडरबर वापरू नका. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, खोडरबर तो खरवडून काढतं आणि खालचं निकेल उघडं पडतं. मग ते कार्ड कायमचं आजारी होतं. स्लॉटाच्या आतल्या पट्ट्या साफ करायला साफ केलेलं कार्डच तीन-चार वेळा घालून काढा.

कार्ड बसवल्यावर बाजूने, काठाच्या पातळीवर डोळा नेऊन बघा. ब्रॅकेट चेसिसच्या पत्र्यावर अडखळला असेल तर स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक अर्धा-एक मिलिमीटर उचललं जातं. उभ्याने बघितलं तर दिसत नाही. ब्रॅकेट किंचित वाकवून तो नीट बसवा, आणि वरची दाबपट्टी, जिच्या रबरी टोकांनी कार्डं खाली दाबली जातात, ती लावायला विसरू नका. दुरुस्तीच्या घाईत ती बाहेर राहते आणि कूलरच्या वजनाने सीपीयू कार्ड हळूहळू वर सरकतं.

यूपीएस

चौघंही एकदम जात असतील आणि वेळ वीज जाण्या-येण्याशी जुळत असेल तर बहुधा एसएमपीएसच्या आतले मोठे कपॅसिटर म्हातारे झालेत. चांगला एटीएक्स सप्लाय मेन गेल्यावर पूर्ण लोडवर किमान १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि ऑफलाइन यूपीएस तेवढ्या वेळात बॅटरीवर येतो. कपॅसिटर सुकले की तग ५-६ मिलिसेकंदांवर येतो आणि यूपीएस बदलेपर्यंत ५ व्होल्ट कोसळतात. ऑनलाइन यूपीएस लावला तर लक्षण झाकलं जातं, पण एसएमपीएस बदलायचाच आहे हे धरून चला. अर्थिंग आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेजही मोजून घ्या: २-३ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे काम चेसिसमधलं नाही.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

चालू होऊन तासभर चाललं म्हणून पेटी रॅकमध्ये परत घालू नका. झाकण लावा, कारण उघड्या पेटीत हवा वेगळी वाहते आणि कनेक्टर तेवढे तापत नाहीत. मोजणीची पट्टी सर्वांत लांबच्या सेगमेंटमध्ये ठेवून तिच्या वायरी मागच्या मोकळ्या ब्रॅकेटमधून बाहेर काढा. चारही संगणकांना एकाच वेळी प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही राबवणारं काम २४ तास द्या, मीटर मिन-मॅक्सवर. ४.६५ च्या उंबरठ्याची कार्डं असतील तर सर्वांत कमी वाचन ४.८० च्या खाली जाता कामा नये. वरच्या उदाहरणातले चार प्लग ४.७८ वरच आणतात, म्हणजे तिथे सप्लाय थोडा वर उचलणं किंवा वायरी आखूड करणं अजून बाकी आहे.

२४ तासांनंतर पॉवर बंद करा आणि लगेच, गार होण्याआधी, प्रत्येक प्लगला बोट लावा. चारही सारखेच कोमट हवेत. एखादा इतरांपेक्षा गरम किंवा गार लागला तर त्याची मिलिव्होल्ट परीक्षा पुन्हा घ्या. शेवटी प्रत्येक सेगमेंटचं निवांत आणि पूर्ण लोडवरचं व्होल्टेज, एकूण करंट, कार्डाचा रीसेट उंबरठा आणि तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला तुलनेसाठी तेच आकडे लागणार आहेत.